मुलांच्या खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट हवी

मुंबई-पुण्यातला किंवा नाशिक-नागपुरातला कुठलाही मध्यमवर्गीय फ्लॅट घ्या आणि रात्री अकरानंतर त्याचे दार पाहा. लाकडी दाराला लॅच, वर कडी, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आणि त्याला कुलूप. किल्ली कधी फ्रिजवर, कधी पर्समध्ये, कधी आजोबांच्या उशाशी. प्रत्येक खिडकीला भिंतीत पक्के ठोकलेले ग्रिल. घरात रांगते मूल आले की ग्रिलवर आणखी एक जाळी बसते. चोर येऊ नये आणि मूल खाली पडू नये, या दोन भीतींपोटी हे सगळे केलेले असते आणि दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण त्याच घरात पहाटे तीनला हॉलमधला सोफा पेटला, तर आतल्या खोलीत झोपलेल्या आईबापांनी दोन मुलांना घेऊन कुठून निघायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर नसते, कारण हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

लहान मुले असलेल्या घराला मुख्य दाराखेरीज आणखी एक वाट असलीच पाहिजे, निदान बाहेरून शिडी लावून सुटका करता येईल अशी एक उघडती जागा तरी. आणि हे ज्याच्या त्याच्या हौसेवर न सोडता इमारतीच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीत आले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आज कायदा कुठवर जातो ते पाहू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे आणि तो डिसेंबर 2008 पासून लागू आहे. आगीच्या उपाययोजना सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घ्यायची आणि दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यायचे, अशी त्याची पद्धत आहे. या प्रमाणपत्राचा संबंध इमारतीत बसवलेल्या यंत्रणेशी आहे. पंप चालतो का, रायझरला, म्हणजे मजल्यामजल्यावर पाणी नेणाऱ्या उभ्या नळाला, पाणी आहे का, होज रीलची नळी धड आहे का, भोंगा वाजतो का, एवढे त्यात येते. हे आवश्यकच आहे आणि अनेक सोसायट्या तेवढेही धड करत नाहीत. पण ही तपासणी जिन्यापर्यंत येऊन थांबते. फ्लॅटच्या उंबऱ्याच्या आत ग्रिलला आतून उघडणारी झडप आहे की नाही, वायरिंग किती जुने आहे, गॅसची नळी कधी बदलली, हे कुणीच पाहत नाही. आग मात्र बहुधा उंबऱ्याच्या आतच लागते.

ग्रिल काढा असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीशी चार वर्षांचे मूल खुर्ची ओढून चढले तर काय होते, ते सांगायला नको. पडण्याचा धोका रोजचा आहे, आगीचा क्वचितचा. म्हणून दोन्ही धोके एकाच चौकटीत सांभाळावे लागतात आणि ते जमते. न्यूयॉर्क शहराने 1970च्या दशकातच हा पेच सोडवला. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचे मूल राहत असेल, तर घरमालकाने खिडक्यांना गज बसवलेच पाहिजेत, असा तिथे नियम आहे. आगीच्या वेळी उतरायच्या जिन्याकडे उघडणारी खिडकी मात्र त्यातून वगळलेली आहे. अमेरिकेत घरे बांधताना जी आदर्श संहिता वापरतात, तिच्यानुसार झोपायच्या खोलीच्या सुटकेच्या खिडकीवर गज असतील तर ते किल्लीशिवाय आणि हत्याराशिवाय आतून उघडता आले पाहिजेत. त्याच संहितेत खिडकीची मापेही आहेत. उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट, रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच आणि खालची कड जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. ही मापे सहज काढलेली नाहीत. पाठीवर हवेचे नळकांडे बांधलेला अग्निशमन दलाचा जवान आत शिरू शकेल आणि मूल घेऊन बाहेर येऊ शकेल, एवढी ती जागा आहे. दोन्ही किमान मापे एकत्र घेतली तर क्षेत्रफळ कमी पडते, हेही लक्षात ठेवा. रुंदी 20 इंचच ठेवायची असेल तर उंची 41 इंचांच्या पुढे हवी. उंची 24 इंचच असेल तर रुंदी 34 इंचांच्या पुढे हवी.

आपल्याकडच्या फॅब्रिकेटरला हे काम अवघड नाही. असलेल्या ग्रिलचा तेवढा भाग कापून त्याला स्वतंत्र चौकट द्यायची, एका बाजूला तीन जाड बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी. सांगताना चार गोष्टी ठासून सांगाव्यात. झडप बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजे, कारण धुरात धडपडणारा माणूस ढकलतो, ओढत बसत नाही. कडी जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास असावी आणि ती दोन हालचालींनी उघडणारी असावी, म्हणजे आधी वर उचलायची आणि मग सरकवायची. लहान मुलाला तेवढी उंची आणि तेवढे कसब दोन्ही नसते. कडीभोवती एक वीतभर पत्रा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे बाहेरून गजांत हात घालून ती सरकवता येत नाही. चोराच्या आक्षेपावर हेच उत्तर आहे. चौथी गोष्ट म्हणजे कुलूप नको. कुलूप लावायचेच असा घरातल्यांचा हट्ट असेल, तर त्याची किल्ली त्याच खिडकीच्या भिंतीवर, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, खिळ्याला कायम टांगलेली असावी. उशाखाली ठेवलेली किल्ली धुरात सापडत नाही. गजांमधली फट चार इंचांपेक्षा जास्त ठेवू नये आणि आडवे गज शक्यतो टाळावेत, कारण मूल त्यांची शिडी करते. आणि वर्षातून दोनदा बिजागऱ्यांना तेल द्यावे. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने कडी दोन पावसाळ्यांत गंजून बसते आणि मग ती असून नसल्यासारखी होते.

बाहेर काढलेल्या पेटीसारख्या ग्रिलचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यात कुंड्या, रिकामे डबे, जुन्या सायकली, वाळत घातलेल्या चादरी असतात. खालच्या मजल्यावरची ज्वाळा खिडकीतून बाहेर आली की वरच्या मजल्याच्या पेटीतले हे सामान आधी पेटते. झडप केली आणि तिच्यासमोर तुळशीचे वृंदावन ठेवले, असेही घडते. झडपेसमोरची जागा रिकामी राहिली पाहिजे.

दहाव्या-बाराव्या मजल्यावर झडप काय कामाची, असे कुणी विचारेल. उडी मारायला ती नाहीच. ती ताज्या हवेसाठी, ‘आम्ही इथे आहोत’ हे दाखवण्यासाठी आणि शिडी पोहोचलीच तर सुटकेसाठी आहे. वरच्या मजल्यांवरची खरी वाट जिना हीच आहे आणि जिन्याची वाट आपणच अडवतो. लॉबीत चपलांचे कपाट, पॅसेजमध्ये मुलांच्या सायकली, डक्टमध्ये रद्दी. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावच्या पाच मजली जय भवानी इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लागलेल्या आगीने 7 जणांचा जीव घेतला. खाली पेटलेले सामान वर राहणाऱ्यांना मारते ते असे. धूर जिन्याच्या पोकळीतून धुराड्यासारखा चढतो आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो.

आगीत मिळणारा वेळ आता पूर्वीपेक्षा फार कमी झाला आहे, हे घराघरात पोहोचलेले नाही. लाकूड, कापूस आणि काथ्याच्या सामानाने सजवलेली खोली आणि फोम, रेक्झिन, पॉलिस्टरने भरलेली आजची खोली शेजारी शेजारी पेटवून अमेरिकेत चाचण्या झाल्या आहेत. जुन्या पद्धतीची खोली पूर्ण पेट घ्यायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला, नवीन खोलीला पाच मिनिटेही लागली नाहीत. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. माणसे बहुधा ज्वाळा अंगापर्यंत येण्याआधी या धुरानेच जातात, आणि लहान मुलाचा श्वास मोठ्यापेक्षा जलद असतो, म्हणजे तेवढ्याच वेळात ते जास्त विष आत घेते. यावर अगदी फुकट असलेला एक उपाय आहे. रात्री झोपताना मुलांच्या खोलीचे दार लावून घ्यायचे. साधे बंद दारही धूर आणि उष्णता काही मिनिटे बाहेर अडवून धरते. रडण्याचा आवाज ऐकू यावा म्हणून दार उघडे ठेवायची आपली सवय आहे. त्यासाठी घरात बाळाचा आवाज ऐकवणारा मॉनिटर किंवा जुना मोबाईल लावता येतो.

दार बंद ठेवायचे तर आत धुराचा भोंगा हवा. बॅटरीवर चालणारा स्मोक अलार्म ऑनलाइन सहज मिळतो. इंग्लंडमध्ये खासगी मालकांच्या भाड्याच्या प्रत्येक घरात मजल्यागणिक असा अलार्म लावणे 2015 पासून घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये इटालियन मार्बल मिळते, हे मिळत नाही. तो छताला लावायचा, झोपायच्या प्रत्येक खोलीत एक आणि खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये एक. आपल्याकडे इथे एक खास अडचण येते ती पंख्याची. छताच्या पंख्याचा झोत धूर उडवून लावतो आणि अलार्मपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून पंख्याच्या पात्याच्या टोकापासून तो किमान तीन फूट दूर असावा. ओट्यापासून दहा फूट लांब ठेवावा, नाहीतर प्रत्येक फोडणीला वाजेल आणि चौथ्या दिवशी कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल. अलार्म निकामी होण्याचे हेच सगळ्यात नेहमीचे कारण आहे. घेताना फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्यावा, तो स्वयंपाकाच्या धुराने उगीच कमी वाजतो. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावा आणि दहा वर्षांनी पूर्ण बदलावा.

मात्र अलार्म मुलाला जागे करील यावर विसंबू नका. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी नेहमीच्या कर्कश भोंग्याची चाचणी झोपलेल्या 34 मुलांवर घेतली, तेव्हा त्यातली 27 मुले जागीच झाली नाहीत. लहानपणची झोप इतकी गाढ असते. कमी पट्टीचा सूर आणि त्याबरोबर माणसाचा आवाज दिला, तर बहुतेक मुले उठली. याचा अर्थ एवढाच की अलार्म मोठ्यांसाठी असतो आणि मुलांना उचलून आणण्याचे काम मोठ्यांचे असते. दोन मुले असतील तर कुणी कुणाला उचलायचे हे आधीच ठरलेले हवे. तान्ह्या बाळाला ओढणीने किंवा जुन्या लुगड्याने छातीशी बांधले की दोन्ही हात मोकळे राहतात. ती ओढणी खाटेच्या कडेला लटकत असू द्यावी.

आता आग लागतेच कशी, याकडे. वर्तमानपत्रात ‘शॉर्टसर्किटमुळे आग’ हे शब्द इतके वेळा येतात की वाचणाऱ्याला ते पाऊसपाण्यासारखे वाटू लागतात, कुणाच्या हातात नसलेले. खरे पाहता शॉर्टसर्किट झाले तर एमसीबीने क्षणात वीज तोडायची असते. घर पेटवणारे दोष बहुधा असे असतात की ते एमसीबीला कळतच नाहीत. सॉकेटमधला स्क्रू ढिला झालेला असतो. त्यातून जाणारा प्रवाह नेहमीएवढाच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही. पण ढिल्या सांध्यात तापमान वाढत राहते, प्लास्टिक पिवळे पडते, मग काळे आणि एक दिवस पेट घेते. पिन काढल्यावर ती बोटाला गरम लागत असेल किंवा सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

दुसरा दोष हिशेबाचा आहे. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर खेचतो. 1500 वॉटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपिअर खेचतो, म्हणजे 6 अँपिअरच्या लहान सॉकेटच्या क्षमतेच्या तो आधीच वर आहे. तरी तो बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर, बाथरूमच्या दारात, प्लास्टिकच्या बादलीत लावलेला असतो आणि शेजारी मूल आंघोळीची वाट पाहत उभे असते. गिझर आणि एसीला 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि 16 अँपिअरचे सॉकेट हवे. एमसीबी सारखा पडतो म्हणून 16च्या जागी 32चा बसवून देणारा वायरमन पाहिला की दाराबाहेर काढावा. वायर तीच बारीक राहते आणि तिला वाचवणारा पहारेकरी तेवढा झोपतो. याशिवाय घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. मुलाने सॉकेटमध्ये सळई घातली तर जीव वाचवणारा तोच, आणि ओल आलेल्या भिंतीतून जमिनीकडे गळणारी वीजही तोच ओळखतो. त्यावरचे ‘टी’चे बटण तीन महिन्यांनी एकदा दाबायचे. न पडल्यास तो बदलायचा.

ई-स्कूटरची बॅटरी हा नवा पाहुणा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन 7 वर्षांच्या मुलाचा जीव गेला. लिथियम बॅटरी एकदा आतून तापू लागली की ती स्वतःची आग स्वतःच पोसते, पावडरच्या सिलिंडरने ती नीट विझत नाही. त्यामुळे ती झोपायच्या खोलीत नको, रात्रभर नको आणि मुख्य दाराच्या बोळात तर मुळीच नको. बोळात सोयीचे सॉकेट असते म्हणून लोक तिथेच लावतात. तिथे ती पेटली की घरातली एकुलती एक वाटच पेटते.

गॅसबद्दल लोकांना बरेच माहीत असते, तरी एक साधा हिशेब मला मांडावासा वाटतो. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. हवेत तो साधारण 2 टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. आठ बाय आठ फुटांचे आणि नऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर घेतले, तर तेवढी पातळी गाठायला पाऊण किलोच्या आसपास गॅस पुरतो. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण हा गॅस हवेपेक्षा दीड-दोन पट जड असल्याने खोलीभर पसरण्याआधी जमिनीलगत साचतो, मोरीत उतरतो, पलंगाखाली सरकतो. म्हणजे ज्या उंचीवर मूल रांगते त्या उंचीवर. गॅसगळतीचा अलार्म घेतलात तर सिलिंडरसाठी तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. पाइपचा गॅस असेल तर उलट, तो हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, समई-निरांजन पेटलेले असेल तर विझवायचे, दारेखिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचे आणि बाहेर आल्यावरच 1906 या गळतीच्या क्रमांकावर फोन करायचा. दिव्याचे, पंख्याचे, एक्झॉस्टचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही करायचे नाही, दोन्हीत ठिणगी पडते. नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा होजच असावी, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचे ‘ए’ ते ‘डी’पैकी अक्षर आणि सालाचा आकडा वाचावा. ‘बी-27’ म्हणजे जून 2027 पर्यंत पुढची चाचणी व्हायला हवी. ए म्हणजे मार्चअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. तारीख उलटलेला सिलिंडर परत करण्याचा तुम्हाला हक्क आहे. रात्री शेगडीच्या खटक्यावर न थांबता रेग्युलेटर बंद करावा. शेगडीचे खटके तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला येतात.

कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नये. पाणी तेलाखाली जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, वाफ मूळ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा घेते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, ताट समोरून सरकवत कढईवर झाकायचे आणि ते थंड होईपर्यंत उचलायचे नाही. पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावणारा माणूस वाटेत मुलाला धडकतो, म्हणून ती जागेवरच ठेवायची. भाजले तर थंड वाहत्या नळाखाली 20 मिनिटे भाग धरायचा, बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचे नाही. दिवाळीत जाळीचे घोळदार फ्रॉक फटाक्यांपासून लांब ठेवायचे, सुती, अंगाबरोबर बसणारे कपडे घालायचे.

मुलांना काय शिकवायचे, यात आपण फारच मागे आहोत. घाबरलेले लहान मूल पळत नाही, ते लपते. पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये, आईच्या साड्यांच्या मागे. जवान मास्क घालून हाका मारत आला, तर त्याला राक्षस समजून ते आणखी आत सरकते. म्हणून मास्क घातलेल्या जवानाचा फोटो मुलांना आधी दाखवावा आणि ‘हा दिसला की ओरडायचे, लपायचे नाही’ हे खेळाखेळात शिकवावे. धुरात मांजरीसारखे रांगायचे, कारण स्वच्छ हवा जमिनीजवळ असते. दाराला उलटा हात लावून पाहायचा, गरम असेल तर उघडायचे नाही. कपड्याला आग लागली तर पळायचे नाही, थांबायचे, तोंड झाकून आडवे व्हायचे, लोळायचे. लिफ्टकडे जायचे नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकाच ठिकाणी थांबायचे, समजा वॉचमनच्या केबिनजवळ, आणि खेळण्यासाठीसुद्धा परत आत जायचे नाही. सहा वर्षांच्या मुलाला 101 आणि विंग-फ्लॅट क्रमांकासह पूर्ण पत्ता पाठ हवा.

ऑगस्ट 2018 मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चौघांचा जीव गेला. त्या इमारतीतल्या एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओले सुती फडके नाकातोंडाशी धरायला लावले होते आणि तिचे देशभर कौतुक झाले. ते योग्यच होते. ओल्या फडक्याने काही काजळी अडते, घसा कमी जळतो, धीर येतो. पण कार्बन मोनॉक्साइड फडक्यातून आरपार जातो, हेही पुढच्या वर्गात शिकवायला हवे, म्हणजे फडके धरून कुणी धुरात बसून राहणार नाही. शाळेतल्या एका तासाने एवढे होऊ शकते. तरी बहुतेक शाळांत अग्निसुरक्षा म्हणजे 14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात पटांगणात एक डबा पेटवून विझवून दाखवणे, आणि त्या दिवसांत अर्ध्या शाळांच्या परीक्षा चालू असतात.

म्हणून मागणी नेमकी करतो. जानेवारी-जुलैच्या ‘ब’ प्रमाणपत्राला घराघराचे एक पान जोडले जावे. झोपायच्या प्रत्येक खोलीत आतून उघडणारी झडप आहे का, मुख्य दार किल्लीशिवाय आतून उघडते का, अलार्म वाजतो का, आरसीसीबी आहे का, गॅसच्या नळीवरची तारीख काय. पाच प्रश्न, प्रत्येक घरी दहा मिनिटे. दंड नको, पण ज्या घरात झडप नाही त्याची नोंद सोसायटीकडे आणि अग्निशमन केंद्राकडे राहावी, म्हणजे आगीच्या रात्री जवानांना कुठल्या मजल्यावर ग्रिल कापायचे यंत्र न्यायचे हे कळेल. नव्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देताना बिल्डरनेच झडपेचे ग्रिल द्यावे, कारण ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच माणसे बाहेरच्या फॅब्रिकेटरला बोलवतात. घर हे खासगी आहे, आत डोकावू नका, हा आक्षेप मला मान्य नाही. बाजूच्या घरातली आग भिंत विचारून येत नाही, आणि मुलाने काही ते ग्रिल निवडलेले नसते.

हे सगळे फ्लॅटवाल्यांचे झाले. दहा बाय बाराच्या खोलीत ही वाट आणखी अरुंद आहे. तिथे एकच दार, दारालगत गॅस, वर लोखंडी शिडीचा पोटमाळा आणि मुले पोटमाळ्यावर झोपलेली. धूर आधी वर जातो, म्हणजे सगळ्यात लहान जीव सगळ्यात आधी धुरात. तिथे गॅस दारापासून दूरच्या कोपऱ्यात न्यावा, मुले खाली आणि मोठी माणसे वर झोपावीत, पोटमाळ्याच्या छताला एक अलार्म लावावा आणि मागच्या भिंतीला उघडती खिडकी काढता आली तर काढावी. मुंबईत गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की बंब नाक्यावरच थांबतो, तेव्हा पहिली पाच मिनिटे त्या घराची स्वतःचीच असतात.

आणि याच घरांत सगळ्यात भयंकर गोष्ट घडते, मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप. अशी बातमी आली की आईला दोष देणारे लगेच भेटतात. ती धुण्याभांड्याला सकाळी सातला निघते, बाप नाक्यावर कामाला उभा असतो, अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातून काही तासच घेते. 2017च्या सुधारित मातृत्व लाभ कायद्याने 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले, पण चार घरी भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कुठली? वस्तीत सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सात चालणारे पालिकेचे पाळणाघर हा अग्निसुरक्षेच्या खर्चाचाच भाग धरायला हवा, नवी शिडी जशी धरतो तसाच. ते होईपर्यंत कुलूप लावावेच लागले तर त्याची दुसरी किल्ली समोरच्या घरात द्यावी, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून वर टोपी बसवावी, काडेपेटी आणि लायटर सोबत न्यावा, आणि दाराच्या बाहेर खडूने लिहावे, आत किती मुले आहेत ते.